इस्पितळात नेण्यापूर्वी



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, ते आजारी विद्यार्थ्याच्या घरी स्वतः चालत जात. म्हणून आज साहित्य बाजूला ठेवून शुश्रूषेविषयी बोलण्याचे धाडस करतो.

पेडणे-डिचोलीत ‘बांबोळीला नेले’ एवढे कानी पडले की घर गप्प होते. १९८६ च्या जुलैत मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा पेडण्याच्या माणसाला पणजी गाठण्यासाठी फेरीबोटीचा आधार घ्यावा लागे. आता पूल आहेत; २००८ पासून १०८ ची रुग्णवाहिकाही आहे. नेणे सोपे झाले. न्यावे की नाही, हा प्रश्न मात्र तेवढाच अवघड राहिला.

माझी थोरली बहीण आक्का डिचोली तालुक्यातील एका वृद्धाश्रमात होती. वय नव्वदीपार. श्रावणातल्या एका रात्री तेथील परिचारिकेचा दूरध्वनी आला.

“सर, आक्कांना ताप आहे, कफ दाटलाय. डॉक्टरांनी औषध सुरू केलंय. तुम्ही म्हणाल तर इस्पितळात पाठवू. पण मला विचाराल तर त्यांना इथंच राहू द्या. त्या माझा हात ओळखतात.”

“हे तुम्ही ठरवणार का?” मी रागाने विचारले. आक्काला हलवले. आपण रुग्णाला ‘हलवले’ म्हणतो. मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, शब्द अचूक आहे. चार दिवस तिने कोणालाच ओळखले नाही. नळ्या उपसते म्हणून तिचे हात बांधले होते. ती परतली नाही. दोष इस्पितळाचा नव्हे, माझा.

वर्षभराने त्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, “हाड मोडलं, रक्त वाहू लागलं, तर मी कोणाला विचारत बसत नाही. पण विझत आलेल्या माणसाला पुष्कळदा आम्ही भीतीपोटी पाठवतो. इथं गेले तर नातेवाईक जाब विचारतील. कागदावर काहीच नसतं.”

असा कागद करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. अर्थात हा कागद बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेतील उपचारांपुरता आहे. तापाच्या रात्री गाडी बोलवावी की नाही, हे तो सांगत नाही.

मी माझे इच्छापत्र केले आहे. सोबत मुलांना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे: त्या रात्री माझ्या उशाशी जी परिचारिका असेल, तिला आधी विचारा.