‘ताई, गुडघा दुखतोय’

(वस्त्यांमध्ये मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी वस्तीतल्या मुलींचा कबड्डी संघ बांधला, तो मुली धीट व्हाव्यात म्हणून. पहिल्याच वर्षी १४ वर्षांची एक मुलगी सुजलेल्या गुडघ्यानं पूर्ण सामना खेळली. मी तिला सगळ्यांपुढे शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी तिला पाय टेकवेना. ‘आधी का नाही सांगितलंस?’ विचारलं, तर म्हणाली, ‘ताई, तुम्ही रागवाल म्हणून.’

दुखलं तरी बोलायचं नाही, हे ती घरी शिकलीच होती. मी मैदानावर तोच धडा गिरवून घेत होते.

चढाईला गेलेल्या मुलीच्या हातात ३० सेकंद असतात. पुढे घुसायचं की मागे फिरायचं, हे तिचं तिनं ठरवायचं असतं. आपण मात्र बाहेरून ओरडत राहतो, ‘डावीकडे जा, मागे फीर!’ मग निर्णय घ्यायला ती शिकणार कधी? या खेळात समोरची एक बाद केली की आपली बाद झालेली एक पुन्हा आत येते. एकीनं दुसरीला परत आणायचं, हे आपल्या संघटनेला वेगळं शिकवायला नको!

म्हणून आम्ही काही गोष्टी बदलल्या. सरावाआधी १० मिनिटं गोलात बसतो. कुणाला काय दुखतंय, कोण उपाशी आलीय, कुणाची पाळी आहे, सांगावंसं वाटेल तिनं सांगायचं. कर्णधारपद आळीपाळीनं देतो. सामना संपल्यावर आधी मुली बोलतात, शेवटी मी. पाळी सुरू झाली की घरचे खेळ बंद करतात, तेव्हा आम्ही घरी जाऊन आईशी बोलतो आणि अंधार पडण्यापूर्वी सराव संपवतो.

पदकं नकोत असं मी म्हणत नाही. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारतानं जिंकला. त्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती, याचा आमच्या मुलींना केवढा अभिमान! पण २०२३ च्या जानेवारीत, देशाला पदकं मिळवून देणाऱ्या कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, हेही विसरू नका. २०१३ च्या कायद्यानं क्रीडासंस्था आणि मैदानं कामाच्या ठिकाणांत धरली आहेत. १८ वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. परंतु गुडघा दुखतोय हे सांगायलाही जी घाबरते, ती नको तिथे हात लावणाऱ्याबद्दल कुणाला सांगणार? ‘नाही’ म्हणायचा सरावही आपणच करून घ्यायला हवा.

पुढच्या वर्षी त्याच मुलीनं ऐन सामन्यात हात वर केला. ‘ताई, गुडघा दुखतोय, मला बाहेर घ्या.’ सामना आम्ही हरलो. शाबासकी मात्र मी तिला त्या दिवशीही सगळ्यांपुढेच दिली.