विद्यार्थ्यांचा अ‍ॅनिमेशनपट : कल्पना आणि काळाचे गणित

(शिक्षक व स्थानिक संस्थांचे सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कागदावरील खार झाडाच्या फांदीवरून उडी घेते आणि प्रेक्षक हसतो. पडद्यावर ही उडी एका सेकंदात संपते. परंतु त्या एका सेकंदात २४ चौकटी डोळ्यांसमोरून गेलेल्या असतात. प्रत्येक चौकटीचा विचार कोणीतरी केलेला असतो. अ‍ॅनिमेशनच्या कलेचे सामर्थ्य यातच आहे आणि तिची खरी अडचणही यातच आहे.

कलाशिक्षण आणि माध्यमशिक्षण देणाऱ्या संस्थांतून आज अनेक विद्यार्थी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून अ‍ॅनिमेशनचा लघुपट हाती घेतात. पूर्वी या कामासाठी खास कॅमेरा, फिल्म, पारदर्शक पत्रे आणि प्रयोगशाळा यांचा खर्च असे. आता ब्लेंडर, क्रिता, ओपनटून्झ यांसारखी संगणकीय साधने विनामूल्य मिळतात. साधने सुलभ झाली. वेळ मात्र पूर्वीइतकाच तोकडा राहिला. त्यामुळे उत्तम कल्पना असूनही चित्रपट अपुरा राहणे, किंवा अखेरच्या आठवड्यात कसाबसा उरकला जाणे, असे प्रकार घडतात. अशा वेळी उणीव बहुधा प्रतिभेची नसते, हिशेबाची असते.

एका चित्रपटाची सात वर्षे

या संदर्भात इंग्लंडमधील एक उदाहरण उद्बोधक आहे. निक पार्क या विद्यार्थ्याने १९८२ साली बीकन्सफील्ड येथील राष्ट्रीय चित्रपट व दूरचित्रवाणी विद्यालयात असताना 'अ ग्रँड डे आउट' हा प्रकल्प सुरू केला. वॉलेस नावाचा एक गृहस्थ आणि त्याचा ग्रोमिट हा कुत्रा चीज आणण्यासाठी अग्निबाणात बसून चंद्रावर जातात, अशी ही गमतीदार कथा. बाहुल्या मातीसारख्या लवचीक द्रव्याच्या होत्या. त्या हाताने किंचित हलवायच्या, चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायच्या, अशी कामाची रीत होती. पूर्ण झालेला चित्रपट सुमारे २३ मिनिटांचा आहे. सेकंदाला २४ या हिशेबाने त्याच्या ३३,१२० चौकटी होतात. एकट्या विद्यार्थ्याला हा भार शिक्षणाच्या मुदतीत पेलणारा नव्हता. १९८५ साली ब्रिस्टल येथील आर्डमन या संस्थेने त्याला आपल्याकडे काम दिले आणि हा प्रकल्प पुरा करण्यास साहाय्यही केले. तरीही चित्रपट तयार होण्यास १९८९ साल उजाडले.

याच सुमारास, १९८९ मध्येच, निक पार्क यांनी 'क्रीचर कम्फर्ट्स' हा अवघ्या पाच मिनिटांचा चित्रपट केला. सामान्य नागरिकांच्या मुलाखती प्रथम ध्वनिमुद्रित करण्यात आल्या आणि ते बोल प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांच्या तोंडी घालण्यात आले. प्राणी बहुतांशी आपापल्या जागी बसून बोलतात. धावपळ थोडी, स्थळे मोजकी. सारा भर मुद्रांवर आणि बोलण्याच्या लकबीवर. १९९१ च्या ऑस्कर पारितोषिकांसाठी हे दोन्ही चित्रपट स्पर्धेत होते आणि पारितोषिक पाच मिनिटांच्या चित्रपटाला मिळाले.

यावरून मोठे स्वप्न पाहूच नये, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. वॉलेस आणि ग्रोमिट ही जोडी पुढे जगभर लोकप्रिय झाली. परंतु १६ आठवड्यांत प्रकल्प सादर करावयाच्या विद्यार्थ्याजवळ सात वर्षे नसतात, आणि प्रत्येकाच्या मदतीला एखादी आर्डमन धावून येईलच असे नाही. तेव्हा कल्पनेला मुदतीचे माप प्रारंभीच लावून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

आधी आकडा, मग चित्र

हे माप लावण्याची रीत सोपी आहे. समजा, लघुपट दोन मिनिटांचा आहे. म्हणजे १२० सेकंद व २,८८० चौकटी. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एकच चित्र लागोपाठ दोन चौकटींसाठी वापरण्याची रूढ पद्धत आहे. डोळ्याला हालचाल तरीही सलग वाटते. त्यामुळे चित्रांची संख्या १,४४० वर येते. गटात चित्रे काढणारे तीन विद्यार्थी असून प्रत्येक जण दिवसाला १२ चित्रे पूर्ण करतो असे धरले, तर रोज ३६ चित्रे होतील आणि कामास ४० दिवस लागतील. आठवड्याचे पाच दिवस काम केल्यास हे आठ आठवडे झाले.

आता १६ आठवड्यांची विभागणी अशी करता येईल : कथा, पात्ररचना व चित्रमय आराखडा यांसाठी चार आठवडे; ध्वनिमुद्रण व कच्ची जुळणी यांसाठी एक; चित्रे काढण्यासाठी आठ; रंग, पार्श्वभूमी व ध्वनी यांच्या अंतिम जुळणीसाठी दोन; आणि एक आठवडा राखीव. आजारपण, विजेचा खोळंबा, संगणकातील बिघाड या गोष्टी वेळापत्रक विचारून येत नाहीत. राखीव आठवडा ही त्यांच्यासाठी केलेली तरतूद होय.

याच गटाने मध्येच कथा एका मिनिटाने वाढविली तर काय होईल? १,४४० चौकटी, म्हणजे ७२० चित्रे वाढतील आणि रोजच्या ३६ चित्रांच्या वेगाने आणखी २० दिवस लागतील. चार आठवडे आणावयाचे कोठून? हा प्रश्न वेळीच विचारला गेला, तर अनावश्यक प्रसंग स्वखुशीने गाळले जातात. तो उशिरा विचारला गेला, तर काढून झालेली चित्रे बाजूला टाकावी लागतात आणि विद्यार्थी निराश होतो.

आराखडा, ध्वनी आणि चाचणी

प्रसंगांची निवड करण्याचे स्थान म्हणजे स्टोरीबोर्ड. चित्रकथेप्रमाणे लहान लहान चौकोनांत संपूर्ण चित्रपट रेखाटावयाचा आणि प्रत्येक चौकोनाखाली सेकंद, संवाद व आवाज लिहावयाचे. या टप्प्यावर प्रसंग बदलण्याची किंमत एका खोडरबराएवढी असते. नंतर तीच किंमत दिवसांत मोजावी लागते. हे चौकोन ध्वनीबरोबर ठरलेल्या वेळेनुसार पडद्यावर मांडले की कच्चा चित्रपट तयार होतो. त्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. तो पाहून कथा रेंगाळते कोठे आणि घाई करते कोठे, हे कोणालाही कळते. संवाद आधी मुद्रित करणेही आवश्यक आहे. कारण ओठांची हालचाल शब्दांच्या मागे जाते, शब्द ओठांच्या मागे जात नाहीत.

याशिवाय पाच सेकंदांचा एक तुकडा अगदी अखेरच्या स्वरूपात आधी करून पाहावा. एक चित्र पूर्ण होण्यास खरोखर किती वेळ लागतो, हे त्यावरून समजते आणि वरचा हिशेब अंदाजाऐवजी अनुभवावर उभा राहतो. महाराष्ट्रात या पद्धतीला थोर परंपरा आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा चित्रपट काढण्यापूर्वी वाटाण्याचा दाणा रुजून त्याचे रोप कसे होते, हे एकेक चौकट टिपून दाखविणारा छोटा चित्रपट केला होता. मोठ्या उपक्रमासाठी भांडवल मिळविताना तो त्यांच्या उपयोगी पडला. 'आगकाड्यांची मौज' या त्यांच्या लघुपटात आगपेटीतील काड्यांनाही त्यांनी अशाच रीतीने चालते केले. अल्प साधनांत आधी लहान प्रयोग आणि मग मोठा संकल्प, हा क्रम आजही तितकाच उपयुक्त आहे.

श्रमांची काटकसर आणि वाटणी

प्रत्येक सेकंद सारखाच कष्टाचा असावा, असा नियम नाही. चालणाऱ्या माणसाची दोन पावले साधारणतः २४ चौकटींत बसतात. म्हणजे १२ चित्रे. हीच चित्रे पाच वेळा फिरविली आणि मागची पार्श्वभूमी सरकविली, तर पाच सेकंदांची वाटचाल ६० ऐवजी १२ चित्रांत साधते. स्थिर चेहऱ्यावर केवळ पापण्या हलविणे, गर्दी आवाजातून सुचविणे, पाऊस एकदा रेखाटून पुन्हा वापरणे, या युक्त्यांनी वाचलेले दिवस कथेतील महत्त्वाच्या क्षणासाठी खर्च करता येतात.

वाटणीचाही विचार हवा. गटातील सर्वांत कुशल विद्यार्थ्यावर सारी चित्रे पडतात आणि इतर प्रेक्षक होतात, हा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. मुख्य चित्रे कोण काढील, मधली चित्रे, रंग, पार्श्वभूमी व ध्वनी कोणाकडे राहील, हे नावानिशी भिंतीवरील तक्त्यावर लिहिलेले असावे. झालेल्या कामाची नोंद रोज व्हावी आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली जावी.

मार्गदर्शकांची भूमिका

स्वच्छता, पाणी, आरोग्य, वाचन यांसारख्या विषयांवर शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये विद्यार्थ्यांकडून लघुपट करून घेऊ शकतात. लोकशिक्षणासाठी हे माध्यम किती प्रभावी आहे, हे फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये काढलेल्या 'एक अनेक और एकता' या विजया मुळे व भीमसैन यांच्या सुमारे सात मिनिटांच्या चित्रपटाने दाखवून दिले आहे. साध्या रेषांतील ती मुले, ते पक्षी आणि ते जाळे आजही लोकांच्या स्मरणात आहेत.

मात्र काम सोपविणाऱ्यांनी एक पथ्य पाळावयास हवे. मजकूर, आकडे, पोशाख, बोली यांविषयीच्या सर्व सूचना स्टोरीबोर्ड व कच्ची जुळणी पाहतानाच द्याव्यात आणि त्यावर लेखी संमती द्यावी. पूर्ण झालेल्या चित्रपटातील सरपंचबाईंच्या पातळाचा रंग बदला, हे सांगणे सोपे असते. ती बाई ४०० चित्रांत असेल, तर ४०० चित्रे पुन्हा हाताळावी लागतात. परीक्षकांनीही केवळ अखेरचा पट न पाहता आराखडा, तक्ता आणि रोजची नोंद यांना गुण द्यावेत. तसे झाले तर विद्यार्थी नियोजनाला कलेचे ओझे न मानता तिचा आधार मानू लागेल.

दोन मिनिटांचा पुरा झालेला चित्रपट गावाच्या चावडीवर दाखविता येतो, त्यावर चर्चा होते, त्यातील चुका उमगतात आणि पुढचा चित्रपट अधिक चांगला होतो. दहा मिनिटांचा अपुरा चित्रपट कपाटातच राहतो. विद्यार्थ्याच्या कल्पनेला पंख जरूर असावेत. त्या पंखांना झेपेल एवढे अंतर आखून देणे हे शिक्षकाचे काम आहे.