संशोधन सर्वांसाठी : विद्यापीठांची खुली ज्ञानभांडारे

(शिक्षक, शासकीय अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेले भाषण)



गावात सार्वजनिक विहीर खोदली जाते तेव्हा तिच्यासाठी लागणारा पैसा सर्वांच्या कराचा असतो आणि म्हणूनच तिच्या पाण्यावर सर्वांचा अधिकार असतो. त्या विहिरीला कुलूप घालून किल्ली एखाद्या त्रयस्थाकडे सोपवली आणि घागरीमागे दाम द्यावा लागू लागला, तर ग्रामसभेत त्याचा जाब विचारला जाईल. परंतु संशोधनाच्या क्षेत्रात नेमका हाच प्रकार दीर्घकाळ चालत आला आणि त्याची वाच्यता मात्र फारशी झाली नाही.

विद्यापीठांतील व राष्ट्रीय प्रयोगशाळांतील बहुतेक संशोधन सार्वजनिक निधीतून होते. संशोधक आपला निबंध नियतकालिकाकडे पाठवतो. त्याबद्दल त्याला मानधन मिळत नाही. त्या निबंधाचे परीक्षण त्याच विषयातील अन्य विद्वान करतात. त्यांनाही सामान्यतः मोबदला नसतो. प्रकाशक मात्र निबंधाचे हक्क स्वतःकडे घेतो आणि तेच नियतकालिक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी घेऊन विकतो. म्हणजे जनतेचा पैसा संशोधनावर एकदा खर्च होतो आणि त्याच संशोधनाचे फलित वाचण्यासाठी दुसऱ्यांदा खर्च होतो. ज्या महाविद्यालयाला ही वर्गणी परवडत नाही, तेथील अध्यापकाला आणि विद्यार्थ्याला ते ज्ञान असून नसल्यासारखेच होय.

कुलूपबंद ज्ञानाची किंमत

ही केवळ विद्वानांच्या सोयीची बाब आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो किती चुकीचा आहे हे पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशाच्या अनुभवावरून दिसून येते. सन २०१४ मध्ये तेथे इबोला या जीवघेण्या रोगाची साथ पसरली. हा रोग त्या भागात पूर्वी नव्हता, असेच सर्वत्र समजले जात होते. साथ ओसरू लागल्यावर, एप्रिल २०१५ मध्ये, लायबेरियातील आरोग्य अधिकाऱ्यांनी एक धक्कादायक गोष्ट जगापुढे मांडली. सन १९८२ मध्ये एका युरोपीय नियतकालिकात जर्मन शास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. लायबेरियातील काही लोकांच्या रक्तात इबोलाविरोधी प्रतिपिंडे आढळल्याने, हा देश या रोगाच्या क्षेत्रात गणला जावा, असा स्पष्ट इशारा त्यात होता. परंतु त्या निबंधाच्या लेखकांत एकही लायबेरियन नव्हता, आणि तो एक निबंध मिळवण्यासाठी ४५ डॉलर मोजावे लागत होते. तेथील डॉक्टरच्या जवळजवळ अर्ध्या आठवड्याच्या पगाराइतकी ही रक्कम होती. या साथीत एकट्या लायबेरियात ४,८०० हून अधिक माणसे दगावली. निबंध खुला असता तर साथ आलीच नसती, असे कोणी म्हणणार नाही. तथापि, ज्यांना इशारा मिळायला हवा होता त्यांच्यापर्यंत तो पोहोचण्याचा मार्गच बंद होता, हे नाकारता येणार नाही.

मुक्त उपलब्धतेची चळवळ

वैज्ञानिक नियतकालिकांचा जन्म सन १६६५ मधला. त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च भागवण्यासाठी किंमत घेणे त्या काळी अपरिहार्यच होते. इंटरनेट आल्यानंतर मात्र एका प्रतीच्या दहा हजार प्रती करण्यास जवळजवळ काहीच खर्च उरला नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने 'आर्काइव्ह' नावाचे भांडार सुरू केले. संशोधकांनी आपले निबंध त्यात ठेवावेत आणि जगातील कोणीही ते विनामूल्य वाचावेत, अशी ही साधी योजना होती. भौतिकशास्त्र आणि गणित या विषयांत ती आज अंगवळणी पडली आहे.

या विचाराला १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने नाव आणि दिशा दिली. 'मुक्त उपलब्धता' म्हणजे संशोधन-निबंध कोणालाही शुल्काशिवाय वाचता, उतरवून घेता आणि योग्य श्रेय देऊन वापरता येणे. त्यासाठी दोन मार्ग सांगितले गेले. पहिला मार्ग असा की, संशोधकाने निबंध कोणत्याही नियतकालिकात छापावा, मात्र त्याची प्रत आपल्या संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवावी. यालाच पुढे हरित मार्ग म्हणू लागले. दुसरा मार्ग म्हणजे नियतकालिकच वाचकांना खुले असणे. तो सुवर्ण मार्ग होय.

भांडाराचे कार्य कसे चालते

विद्यापीठाचे डिजिटल भांडार म्हणजे केवळ संगणकात साठवलेल्या कागदपत्रांचा ढीग नव्हे. प्रत्येक निबंधासोबत लेखकाचे नाव, शीर्षक, वर्ष, विषय आणि सारांश यांची पद्धतशीर नोंद केली जाते. ग्रंथालयातील तालिकापत्राचेच हे नवे रूप. या नोंदी ठरावीक पद्धतीने लिहिलेल्या असल्याने जगातील शोधयंत्रे त्या आपोआप टिपून घेतात. त्यामुळे परभणीच्या भांडारातील प्रबंध पेरू देशातील वाचकालाही सापडू शकतो. प्रत्येक दस्तऐवजाला कायमचा पत्ता दिला जातो, जेणेकरून संकेतस्थळ बदलले तरी तो हरवू नये. यासाठी लागणारी संगणक प्रणालीही विनामूल्य मिळते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाची 'ईप्रिंट्स' आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेने एका संगणक कंपनीच्या सहकार्याने सन २००२ मध्ये उपलब्ध केलेली 'डीस्पेस' या त्यांपैकी प्रमुख होत.

भारतातील वाटचाल

या कामात भारत मागे राहिलेला नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने सन २००२ मध्येच आपले निबंध-भांडार उभारले. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांचे लेखन खुल्या भांडारात ठेवले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने, दुर्मीळ ग्रंथ आणि अहवाल यांच्या डिजिटल प्रती सर्वांना पाहता येतील अशी सोय केली. मुंबईच्या केईएम रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकवर्गातर्फे सन १९५५ पासून प्रसिद्ध होणारे वैद्यकीय नियतकालिक या शतकाच्या आरंभीच इंटरनेटवर विनामूल्य खुले झाले. त्यासाठी लेखकांकडून शुल्क घेण्याचा मार्गही त्याने पत्करला नव्हता, हे विशेष.

सर्वांत मोठे पाऊल मात्र पीएच.डी.च्या प्रबंधांबाबत पडले. पूर्वी प्रबंधाच्या मोजक्या टंकलिखित प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा होत आणि बहुधा तेथील कपाटातच त्यांचे आयुष्य सरे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सन २००९ च्या विनियमांनी पदवी जाहीर झाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे विद्यापीठांवर बंधनकारक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने त्यासाठी 'शोधगंगा' हे राष्ट्रीय भांडार उभारले. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते वाचण्यास शुल्क नाही. कोणत्या विषयावर कोणते काम झाले आहे हे पाहता येऊ लागल्याने त्याच विषयाची पुनरुक्ती टाळता येते, आणि दुसऱ्याचा प्रबंध उतरवून काढणाऱ्यालाही धाक बसतो. अंधारात होणारी उसनवारी उजेडात सहज ओळखू येते.

शेतीच्या क्षेत्रात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सन २०१३ मध्ये मुक्त उपलब्धतेचे धोरण स्वीकारले. 'कृषिकोश' या भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध आणि जुने अहवाल ठेवले जातात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे असलेल्या महाराष्ट्राला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एखाद्या तालुक्यातील जमिनीच्या क्षारतेवर किंवा डाळिंबाच्या रोगावर झालेले काम कृषी सहायकाच्या हाती पडले, तरच त्याचा उपयोग बांधापर्यंत जाईल.

वर्गणी आणि खुलेपणा यांतील भेद

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. सन २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधन संस्थांना उपलब्ध करून देण्यात येत आहेत. लहान गावातील शासकीय महाविद्यालयाला मोठ्या विद्यापीठाच्या बरोबरीने वाचनाची संधी मिळणे ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु वर्गणी म्हणजे मुक्त उपलब्धता नव्हे. या संस्थांबाहेरचा प्राथमिक शाळेतील जिज्ञासू शिक्षक, स्वतंत्र अभ्यासक किंवा शेतकरी उत्पादक गटाचा कार्यकर्ता या योजनेच्या कक्षेत येत नाही. आणि वर्गणीची मुदत असते, तशी खुल्या भांडारातील प्रबंधाला नसते. म्हणून एका हाताने वर्गणी भरत असताना दुसऱ्या हाताने स्वतःचे भांडार समृद्ध करणे आवश्यक ठरते.

सावधगिरीच्या बाबी

खुलेपणाच्या नावाखाली काही दोषही शिरले आहेत. अनेक प्रतिष्ठित नियतकालिके वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घेऊ लागली. 'नेचर' या विख्यात नियतकालिकाने सन २०२० मध्ये हे शुल्क एका निबंधास ९,५०० युरो जाहीर केले. वाचनाची भिंत पाडून लेखनाची भिंत उभारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दुसरा दोष अधिक घातक आहे. पैसे घेऊन, परीक्षण न करताच काहीही छापणारी बनावट नियतकालिके निघाली आणि बढतीसाठी निबंधांची संख्या मोजण्याच्या पद्धतीने त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले. आयोगाने सन २०१९ पासून विश्वासार्ह नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली होती. तिच्या कामात पुणे विद्यापीठाचा महत्त्वाचा वाटा होता. सन २०२५ च्या आरंभी ही यादी बंद करण्यात येऊन पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर आली आहे. साहजिकच अध्यापकांची सदसद्विवेकबुद्धी हीच आता खरी चाळणी होय.

तिसरी अडचण मराठीपुरती आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अक्षरवळणांत टंकित केलेले किंवा केवळ छायाप्रत घेतलेले मराठी प्रबंध भांडारात असले तरी शोधयंत्राला त्यांतील शब्द वाचता येत नाहीत. वस्तू घरात आहे, पण हाक मारली तर ओ देत नाही, अशी त्यांची अवस्था होते. नवे प्रबंध युनिकोडमध्ये घेणे आणि जुन्यांना निदान मराठी शीर्षक, सारांश व विषयशब्द जोडणे हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे.

कोणी काय करावे

अध्यापकाने निबंध प्रसिद्धीस देताना करार वाचावा. अंतिम स्वीकृत हस्तलिखिताची प्रत, काही वेळा ठरावीक मुदतीनंतर, संस्थेच्या भांडारात ठेवण्याची मुभा पुष्कळ प्रकाशक देतात, ती वापरावी. महाविद्यालयाने ग्रंथपालाला या कामासाठी वेळ आणि अधिकार द्यावा, कारण निबंध मागून घेणारा कोणी नसेल तर उत्तम भांडारही रिकामेच राहते. शासकीय अधिकाऱ्याने आपल्या विभागाने करवून घेतलेल्या पाहण्या आणि मूल्यमापन-अहवाल दप्तरात न ठेवता खुले करण्याचा आग्रह धरावा. पंचायत सदस्यांनी आपल्या तालुक्यावर, नदीवर, पिकावर कोणते प्रबंध झाले आहेत हे गावातील पदवीधर तरुणांकडून शोधून घ्यावे आणि त्यांतील उपयुक्त भाग सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे मांडण्यास त्यांना सांगावे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा सन १९६७ पासून आहे. गावोगावच्या या ग्रंथालयांत एक संगणक आणि तो चालवून दाखवणारा एक माणूस असला, तर शोधगंगेचा प्रवाह तेथपर्यंत येऊ शकतो.

संशोधन करणाऱ्याने आपल्या आयुष्याची चार-पाच वर्षे खर्ची घातलेली असतात आणि समाजाने आपला पैसा. त्या दोहोंचे सार्थक प्रबंध कपाटात गेल्याने होत नाही. तो कोणाच्या तरी कामी आल्याने होते. कुलूप काढण्याचे साधन आज हाताशी आहे. ते वापरण्याची सवय लागणे, एवढेच आता बाकी आहे.