अळीचं वय ओळखा



तुरीला फुलं लागली आहेत, लवकर पेरलेला हरभरा वीतभर झाला आहे, आणि या दिवसांत मला सगळीकडून एकच प्रश्न येतो. कळंबला गेलो तरी तोच, उमरग्याच्या बाजारात तोच. "साहेब, अळीला कुठलं औषध मारू?" मी उलट विचारतो, अळी केवढी आहे? तिथं समोरचा अडखळतो. कुणी म्हणतो, गडी बघून आलाय. कुणी म्हणतो, शेजाऱ्याच्या रानात आहे म्हणजे आपल्याकडंही असणारच. बाटली मात्र पिशवीत आधीच असते.

म्हणून आज बाटलीची नावं बाजूला ठेवू आणि अळीच्या अंगात काय चालतं ते बघू. मी बोलतोय ते घाटे अळीबद्दल. तुरीत तिला आपण शेंगा पोखरणारी अळी म्हणतो, कापसात हिरवी बोंडअळी. अळी एकच. ती हिरवी असते, तपकिरी असते, कधी पिवळसरही. रंग वेगळे दिसले म्हणून दोन रोग समजून दोन औषधं एकत्र कालवणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका.

मादी पतंग रात्री फुलकळीवर, कोवळ्या शेंड्यावर एकेक अंडं घालते. अंडं खसखशीच्या दाण्यापेक्षाही बारीक. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते आणि पुढचे दोन-तीन आठवडे खाण्याशिवाय तिला दुसरा उद्योग नसतो. पण तिची एक अडचण आहे. आपली कातडी अंगाबरोबर वाढते, तिची वाढत नाही. पहिलीतल्या पोराचा सदरा चौथीत अंगात शिरत नाही, तसं तिचं होतं. मग ती जुनी कात टाकते, नवी अंगावर घेते. असं साधारण पाच वेळा. शेवटी दीड इंचाची झाली की जमिनीत उतरून कोषात जाते.

यातलं लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की आयुष्यभरात ती जेवढं खाते त्यातला फार मोठा वाटा शेवटच्या दोन अवस्थांत खाते. लहान असताना पानं खरवडते, तिकडं आपलं लक्ष जात नाही. डोकं घाट्यात आणि धड बाहेर अशी लोंबकळताना दिसते, तेव्हा आपण पंप पाठीवर घेतो. तोवर खाणं उरकत आलेलं असतं, आणि एवढी थोराड अळी विषालाही सहज दाद देत नाही.

कात टाकायची वेळ झाली हे अळीला कळतं कसं? तिच्या अंगात एक संप्रेरक सुटतं. ते पहिल्यांदा हाती लागलं 1954 साली, जर्मनीत. बुटेनान्ट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी त्यासाठी 500 किलो रेशमाचे कोष किडे वापरले आणि हाती आलं 25 मिलिग्रॅम. चिमटीतही धरता येणार नाही एवढं! आपल्या जिल्ह्यात तुती लावून रेशीम घेणारी मंडळी आहेत, त्यांना 500 किलो म्हणजे काय ते कळेल.

याच संप्रेरकाच्या कामात आपला कडुनिंब खोडा घालतो. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड उतरली, सगळं हिरवं खाल्लं गेलं आणि कडुनिंबाची झाडं तेवढी उभी राहिली, हे श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं. पुढं 1962 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या पाण्यानं टोळ पिकाला तोंड लावत नाहीत हे मांडलं. आपल्या आज्या कणगीत निंबाचा पाला घालत होत्याच, त्यांना कुणी विचारलं नाही. निंबोळीतल्या द्रव्यामुळं अळीची भूक मरते आणि खाल्लं तरी कात नीट सुटत नाही. जुन्या कातीत अडकून ती मरते. आता तुम्हीच सांगा, जिची सगळी कात टाकून झाली आहे अशा मोठ्या अळीवर निंबोळी अर्क काय करणार? अंडी आणि बारीक अळ्या दिसतात तेव्हाच त्याचा उपयोग.

अर्क घरी करा. सावलीत वाळवलेली 5 किलो निंबोळी जाडसर कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी फडक्यातून पिळून गाळा, त्यात 200 ग्रॅम साबणाचं पाणी मिसळा आणि सगळं 100 लिटर करा. झाला पाच टक्क्यांचा अर्क. त्याच दिवशी वापरा. बुरशी आलेली निंबोळी नको.

आता पोटाकडं येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. आपल्या जठरात आम्ल असतं. अळीच्या पोटात उलटं, चुन्याच्या निवळीकडं झुकणारं खारं पाणी. घाटे अळीला एका विषाणूचा रोग होतो. त्याला एचएएनपीव्ही म्हणतात, दुकानात एनपीव्ही म्हणून मागा. हा विषाणू प्रथिनाच्या बारीक डबीत बंद असतो. अळीनं पान खाल्लं की पोटातल्या खाऱ्या पाण्यात डबी विरघळते आणि आतला विषाणू मोकळा होतो. माणसाच्या, बैलाच्या पोटात तो काही करू शकत नाही, मधमाशीलाही नाही. तो घाटे अळीच्याच घराण्याचा वैरी आहे.

रोगी अळी चार ते सात दिवसांत मरते, पण मरण्याआधी झाडाच्या शेंड्यावर चढते आणि मागच्या पायांनी उलटी लटकते. अंग काळं पडतं, फुटतं आणि आतलं पाणी खालच्या पानांवर गळतं. ती वर का चढते? 2011 साली अमेरिकेत दुसऱ्या एका जातीच्या अळीवर काम झालं, त्यात असं दिसलं की विषाणूतलं एक जनुक तिचं कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतं आणि चढण्यामागं तेच जनुक आहे. म्हणजे कडुनिंब जिथं हात घालतो, तिथंच हा विषाणूही घालतो.

मात्रा एकरी 200 एलई. एलई म्हणजे एका रोगी अळीतून मिळतो तेवढा विषाणू. फवारणी दिवस कलल्यावरच करा, उन्हात विषाणू टिकत नाही. पाण्यात थोडी कपड्याची नीळ घाला, ती उन्हाला आडोसा देते. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी गाव जमवलं आणि भर दुपारी बारा वाजता प्रात्यक्षिक करून दाखवलं. आठवड्यानं गेलो तर अळ्या धडधाकट. एका म्हाताऱ्या आजोबांनी एवढंच विचारलं, "साहेब, हे औषध अळ्यांना मानवलं व्हय?"

बीटी नावाचा जिवाणूही असाच पोटातून मारतो. तुती लावणाऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी इथं कान देऊन ऐकावं. हा जिवाणू 1901 साली जपानात इशिवाता यांना सापडला तोच मेलेल्या रेशीम किड्यांत. वाऱ्यानं बीटीचे तुषार तुतीच्या पाल्यावर गेले तर तुमची बॅच हातची जाईल. तुतीच्या बांधाला लागून हरभरा असेल तर बीटी नको, एनपीव्ही वापरा.

अळी मात्र गप्प बसत नाही. हरभऱ्याचा दाणा स्वतःच्या राखणीसाठी एक प्रथिन बनवतो, ते अळीचं पचन अडवतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवलं, की घाटे अळीच्या पोटातले पाचक रस ते राखणदार प्रथिनच फोडून टाकतात. पुढच्या वर्षी याच प्रयोगशाळेतून आणखी एक काम आलं. तूर, हरभरा आणि कापूस ही अळीची रोजची ताटं. त्यांच्या प्रथिनांपुढं ती फारशी अडत नाही. पण भुईमूग आणि बटाट्यासारख्या, तिच्या खाण्यात नसलेल्या पिकांच्या प्रथिनांनी तिची वाढ खुंटली. तेही एकच एक देऊन भागत नाही, बदलून द्यावं लागतं. जी पोटातले रस बदलू शकते, तिच्यावर तुम्ही सलग चार वेळा एकच औषध मारलंत तर पाचव्या वेळी काय होणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

मग अळी लहान आहे हे कळायचं कसं? पतंगांवरून. एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या वर फूटभर उंच लावा. मादीच्या वासाची गोळी त्यात असते, नर येऊन अडकतात. सापळ्यानं अळी संपत नाही, सापळा निरोप देतो. सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग एका सापळ्यात आले, की समजा अंडी पडली. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तर हात हलवायची वेळ आली. पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळली असेल तर उत्तम, त्या ताटांवर कोतवाल आणि साळुंक्या बसतात आणि अळ्या वेचतात. नसेल तर काठ्या रोवा.

मोठ्या अळ्यांनी रान भरलंच असेल तर रासायनिक औषध घ्यावं लागेल, मी नाही म्हणत नाही. लेबलवरची मात्रा, एका वेळी एकच औषध, तोंडाला फडकं, हातात मोजे आणि वाऱ्याकडं पाठ. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी-मजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. आणि आधी जीव कोणता आहे ते बघा. 2022 च्या पावसाळ्यात गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं, तेव्हा लोक कीटकनाशकं मारत सुटले होते. गोगलगाय कीटक नाहीच, तिचं अंगच वेगळं.

शंका असेल तर अळी काडेपेटीत घालून तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा.

येळवसेला सगळं घर रानात येईल. कडब्याच्या कोपीत पांडव मांडाल, आंबील शिंपाल, भज्जीवर ताव माराल. त्या दिवशी जेवण व्हायच्या आधी पोरांना हरभऱ्याच्या ओळीतून फिरवा. शेंड्याला उलटी लटकलेली काळी अळी जो शोधून आणील त्याला पहिली वाटी आंबील. त्या अळ्या फेकू नका. बाटलीत घाला, पाण्यात कुस्करा, फडक्यानं गाळा आणि दिवस मावळताना जिथं बारीक अळ्या दिसल्या असतील तिथं फवारा.