अलायनर आणि कॉफी



मी दंतवैद्य, तेव्हा माझ्या वाट्याला दातच येणार! सकाळपासून तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अलायनर लावलंय, कॉफी चालते का?" सगळ्यांनाच उत्तर देतो.

चालते, पण अलायनर काढून. ते पातळ प्लास्टिक गरम कॉफीने मऊ पडतं. आकार बिघडला की दात हवे तिकडे सरकत नाहीत. डाग पडतात ते वेगळेच. सगळ्यात वाईट म्हणजे दूध-साखर आत अडकते, लाळेने धुतली जात नाही आणि दात किडतात. अलायनर तोंडात असताना फक्त साधं पाणी.

अलायनर दिवसाचे 20 ते 22 तास लावायचं असतं. उरलेल्या दोन-चार तासांत जेवण, नाश्ता, चहा-कॉफी, दात घासणं, सगळं बसवायचं. म्हणून तासभर घोट घोट कॉफी नको. एकदाच बसा, प्या, खळखळून चूळ भरा, परत लावा. काढलेलं डबीतच ठेवा. कागदी रुमालात गुंडाळलं की पत्रावळीबरोबर कचऱ्यात जातं. धुवायचं गार पाण्याने.

आपल्या दहावीच्या फोटोत काही जण ओठ घट्ट मिटून उभे आहेत. दातांना तारा बसवणं तेव्हा आपल्या घरांना परवडणारं नव्हतं. आज पन्नाशीत कुणी दात सरळ करून घेत असेल, तर त्याला हसू नका. आणि अलायनरवाल्यांनो, शेगावची कचोरी नि चहा समोर आला की नाही म्हणू नका. अलायनर डबीत ठेवा आणि आमच्या पंगतीत बसा!