ताट आणणारा हातही कामगाराचाच
(शाखेच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



आज महागाई भत्त्यावर बोलणार नाही. विषय आपल्या वागणुकीचा आहे. आपण पासवर किंवा तिकीट काढून लांबच्या गाडीने गावी जातो. पँट्रीकारचा माणूस चहा-जेवण आणतो. त्याला आपण गिऱ्हाईक म्हणून कसे दिसतो, एवढेच सांगायचे आहे.

गाडी यार्डात लागली की ही मुले आमच्या युनियन ऑफिसात पाणी प्यायला, फोन चार्ज करायला येतात. त्यांच्या तोंडून ऐकलेले सांगतो.

त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. ‘ए छोटू’, ‘शुक शुक’, नाहीतर नुसती चुटकी. चाळिशीचा बाप्या असला तरी छोटूच! चहाच्या एका कपाला पाचशेची नोट पुढे करायची आणि सुट्टे नाहीत म्हटले की त्यालाच चोर ठरवायचे. जेवण सांगून झोपी जायचे. उठवले तर शिवी, न उठवले तर तक्रार. काही महाभाग तर ‘पैसे नंतर देतो’ म्हणून मधल्याच स्टेशनवर उतरतात. रात्री हिशेब जुळला नाही की तूट पोराच्या माथी. डाळ थंड, संडासात पाणी नाही, एसी बंद, गाडी तीन तास लेट, सगळ्याचा जाब त्यालाच. डाळ त्याने शिजवलेली नसते आणि गाडीही तो चालवत नाही.

बुकिंग खिडकीवरच्या भावांनो, हे ओळखीचे वाटते ना? टपाल काउंटरवरच्या भगिनींनो, सर्व्हर बंद पडतो तेव्हा बोलणी कोण खाते? जे खिडकीच्या आत बसून आपल्याला झोंबते, तेच आपल्यातले काहीजण बर्थवर बसून दुसऱ्याला ऐकवतात. खिडकीची बाजू बदलली म्हणून कामगार बदलतो काय?

कोणी म्हणेल, हे लोक जादा पैसे घेतात. घेतात, आणि ते खपवून घेऊ नये. दरपत्रक मागा, बिल मागा. ‘बिल नाही तर पैसे नाहीत’ हे रेल्वेनेच जाहीर केले आहे. दाद मिळाली नाही तर 139 वर तक्रार करा. पण तक्रार दराची, अन्नाची, कंत्राटदाराची करा. पोराच्या आई-बापाचा उद्धार करू नका. जिथे पक्का पगार न देता विक्रीवर कमिशन दिले जाते, तिथे जादा पैशांचे मूळ कंत्राटातच असते.

जुना इतिहासही आठवा. 1990 साली एम. एम. आर. खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या वैधानिक आणि मान्यताप्राप्त कँटीनमधील कामगारांना रेल्वे कर्मचारी मानले. तो हक्क कामगार लढले म्हणून मिळाला. पुढे 1999 मध्ये आयआरसीटीसी स्थापन झाली. आज गाडीत ताट आणणारा बहुतेक वेळा परवानाधारक कंत्राटदाराचा माणूस असतो. अंगावर गणवेश आहे, पण आपल्यासारखा पास नाही, बढती नाही, पेन्शन नाही. त्याच गाडीत काम करूनही तो आपल्या हजेरीपटावर नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. त्याला ‘दादा’, ‘भैया’ म्हणा. सुट्टे पैसे काढून ठेवा. उष्टे ताट सीटखाली न सरकवता त्याच्या हाती द्या. चालत्या गाडीत वाकून वाकून त्याची कंबर जाते. शेजारचा प्रवासी त्याच्यावर हात उगारत असेल तर गप्प बसू नका, उठून उभे राहा. आणि पगार किती, वेळेवर मिळतो का, झोपायला जागा आहे का, हे त्याला विचारून शाखेत कळवा. त्याला संघटनेचा रस्ता दाखवणे आपले काम आहे.

आपण लोकांकडे सन्मान मागतो. तो आधी आपल्या हातून दिला गेला पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!