गोळी फुकट, माहिती दुर्मिळ
(मालाड येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा साधने मिळणेच दुष्कर होते. आज 'माला-एन' सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. तरीही मालवणीतील एखादी भगिनी शेजारणीचे रिकामे पाकीट दाखवून दुकानातून गोळ्या आणते आणि तिचा रक्तदाब कोणी मोजलेला नसतो. रक्तदाब वाढलेला असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट चालू असेल किंवा अंगावर पिणारे मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, तर ही गोळी तिच्यासाठी नव्हे. क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असता तर गोळीचा भरवसाच उरत नाही. क्षयाने पोखरलेल्या आपल्या वस्त्यांत हे किती जणींना कोणी सांगितले आहे?

गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावयाची. एक चुकली तर आठवताच घ्यावी. बहात्तर तासांची गोळी निराळी, ती नित्याची नव्हे.

पुरुषांची नसबंदी याहून सोपी. पण १९७६ च्या सक्तीनंतर तिचे नाव काढण्यास आपणही कचरतो, आणि सारा भार स्त्रीवर टाकून मोकळे होतो. पुढल्या वस्तीफेरीत पत्रकांच्या गठ्ठ्याबरोबर रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि ते वापरणारी परिचारिका असावी, एवढे माझे मागणे आहे.